दोन इंच आतडं

एम.फार्म.च्या आमच्या बॅचमध्ये आतडं सर्वांत सफाईने मीच कापायचे. गिनी पिगचं पोट उघडलं की बाकीच्या मुली तोंड फिरवायच्या. मी जुहूच्या कोळीवाड्यातली, लहानपणापासून आईशेजारी बसून मासे साफ केलेली. दोन इंचांचा तुकडा न ताणता धुवायचा, टोकांना दोरा बांधायचा आणि कोमट क्षाराच्या पाण्यात टांगायचा, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. त्या पाण्यात आतडं तासन्‌तास जिवंत राहतं. विजेचा हलका झटका दिला की आकसतं आणि स्क्रीनवरची रेघ उडते. मॉर्फिनचा थेंब टाकला की रेघ खाली बसते.

घरी मी "म्यू, डेल्टा, कप्पा" घोकत बसायचे. अफूच्या जातीची औषधं शरीरात ज्यांना चिकटतात, ते हे रिसेप्टर. टोपलीतल्या मासळीवर बर्फ घालता घालता आई विचारायची, "कोण गो ह्या? तुझ्या मैत्रिणी?"

म्यूशी तिचीच जास्त दोस्ती होती, हे मला उशिरा कळलं. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी ट्रामाडॉलच्या, म्हणजे त्याच अफूच्या जातीच्या गोळ्या पाच दिवसांपुरत्या दिल्या होत्या. ती वर्षभर ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून घेत राहिली. एकीने भागेना म्हणून दोन, मग चार. कपाटात साड्यांच्या खाली पाकिटं सापडली तेव्हा माझं डोकंच फिरलं. सगळ्या गोळ्या संडासात ओतल्या. "मन खंबीर कर," मी तिला सुनावलं. "सगळे मनाचे खेळ आहेत."

दुसऱ्या दिवसापासून ती घामाने भिजायला लागली. नाक गळत होतं, जांभया थांबत नव्हत्या. बाजार कधी न चुकवणारी बाई पोट धरून चटईवर पडली. "आत पीळ पडतो गो, कोणीतरी पिळतंय," ती म्हणायची. तिसऱ्या सकाळीही तेच म्हणाली. "नाटकं पुरे कर आता," असं म्हणून मी कॉलेजला निघून गेले. हे लिहिताना आजही लाज वाटते.

त्या दिवशी टेबलावर आलेल्या गिनी पिगला बरेच दिवस मॉर्फिन दिलेलं होतं. नेहमीच्या थेंबाने त्याच्या आतड्याची रेघ खाली बसेना. कितीतरी पट जास्त टाकल्यावर कुठे ती जरा खाली आली. हा टॉलरन्स. परीक्षेत याच्या व्याख्येला मला पैकीच्या पैकी मार्क होते.

"आता नॅलोक्सोन टाक," मॅडम म्हणाल्या. हे औषध मॉर्फिनला रिसेप्टरवरून हुसकून लावतं. मी थेंब सोडला. आतडं असं आवळलं की दोरा ताठ झाला. रेघ सरळ वर गेली आणि वरच राहिली.

"औषध काढून घेतलं की असं होतं," मॅडम म्हणाल्या. "विड्रॉवल."

"पण मॅडम, याला मेंदू कुठेय?"

"नाहीच ना. सवय आतड्यालाच लागलीय."

त्या जनावराचं डोकं माझ्या पायाशी पिवळ्या पिशवीत होतं. वर टांगलेल्या तुकड्याला ना मन, ना खंबीरपणा, ना नाटकं करायची अक्कल. तरी तो माझ्यासमोर पिळून निघत होता. मॅडमना काहीबाही सांगून मी मरोळच्या कॉलेजमधून ॲप्रनसकट रिक्षात बसले.

आई तशीच चटईवर होती, गुडघे पोटाशी घेऊन. तिला डॉक्टरकडे नेलं. एवढी शिकलेली मुलगी आणि गोळ्या एकदम बंद करते, म्हणून त्यांनी मला चांगलंच झापलं. गोळी परत सुरू करून दर आठवड्याला थोडी थोडी कमी करायची, असं ठरलं.

घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. आतडं, दोरा, रेघ. "तुझं मन कच्चं नाही गं आई," मी म्हणाले. "तुझं खरंच दुखत होतं. आज मी डोळ्यांनी बघितलं."

तिने गोळी घेतली, पाणी प्यायली आणि पेला माझ्या हातात दिला.

"तेच तर सांगत होते मी," ती म्हणाली. "माझं पटलं नाय तुला. त्या जनावराचं पटलं."