रकाना नववा: पतीचे नाव

नोकरीची पहिली अर्धी वर्षे माझी शाळा दुसऱ्यांनी तपासली, उरलेली अर्धी मी दुसऱ्यांच्या तपासल्या. तपासणीच्या दिवशी प्रत्येक पोराला तेराचा पाढा येतो, प्रत्येक भिंतीवर नकाशा असतो आणि संडासाला फिनेलचा वास येतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. त्यामुळे आईसाठी वृद्धांचं देखभाल केंद्र शोधायची वेळ आली तेव्हा हे काम माझ्याइतकं दुसऱ्या कोणाला जमणार नाही, असं मी घरात जाहीर केलं. बायको म्हणाली, करा. तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं आणि कूस बदलायलाही तिला मी लागत होतो. वाद घालायच्या परिस्थितीत ती नव्हती.

आई चौऱ्याऐंशीची. डॉक्टरांनी डिमेन्शिया म्हणून सांगितलं त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. सुरुवातीला दुधाचं पातेलं साड्यांच्या कपाटात सापडायचं, ते आम्ही हसून घालवलं. मग ती घराबाहेर पडू लागली. एकदा कोरेगावच्या स्टँडवर लोणंदच्या एसटीत खिडकीशी बसलेली सापडली. कंडक्टरने कुठं जायचं विचारलं तर म्हणाली, म्हायेरी. तिचं माहेर लोणंदच्या वाटेवर नाही, कधीच नव्हतं. मी तिला उतरवून घेतलं तेव्हा ती वाटेत कोणाला दिसू नये अशी खाली मान घालून माझ्यामागून चालली. त्या दिवशी मी ठरवलं की हे आपल्याच्याने होणार नाही. ठरवल्याची लाज अजून वाटते.

तर मी तपासणीचा तक्ता तयार केला. चाळीस मुद्दे, पुढे तीन रकाने: उत्तम, बरे, सुमार. सरकारी तक्त्यांत जे नसतं ते मी मुद्दाम घातलं. पाण्याचं भांडं हाताच्या अंतरावर आहे का? नखं कापलेली आहेत का? भरवणारी बाई घास गिळेपर्यंत थांबते का, की दुसरा घास तयार ठेवते? एका पाळीला माणसं किती? दिवसाढवळ्या किती जण झोपलेले? झोप म्हातारपणाची आहे की गोळीची? फिनेलचा वास फार येत असेल तर गुण कापायचे, असंही लिहून ठेवलं. बायकोने तक्ता वाचला आणि विचारलं, यात आईंना काय आवडतं ते कुठं लिहायचं? मी म्हटलं, त्याला गुण कसे देणार? ती म्हणाली, मला पुन्हा भिंतीकडे वळवा.

पहिलं केंद्र साताऱ्याजवळ, हायवेला लागून. मी आधी एकटाच, न कळवता, जेवणाच्या वेळेला गेलो. नवी इमारत, बाथरूममध्ये धरायला स्टीलचे दांडे, न घसरणारी फरशी, दारात रॅम्प. नखं कापलेली. घास गिळेपर्यंत बाई थांबत होती. मी दोष शोधायची शिकस्त केली आणि शंभरापैकी शहाऐंशी गुण द्यावे लागले. इतके मी आयुष्यात एकाही शाळेला दिलेले नाहीत.

पुढच्या आठवड्यात आईला घेऊन गेलो. तिथल्या मॅडम तिशीतल्या, बोलायला मऊ. प्रवेशाआधी त्यांचा एक तक्ता भरायचा होता. तो बघून मला बरं वाटलं, कारण तक्त्यांवर माझा विश्वास आहे. मॅडमनी विचारलं, आजी, आज वार कोणता? आई म्हणाली, बाजाराचा. त्या दिवशी आमच्या गावचा बाजार होता, म्हणजे उत्तर बरोबर होतं, पण रकान्यात सोमवार ते रविवार यातलं काहीतरी लागत होतं. चूक. मुलं किती, तर दोन. बरोबर. असं करत नववा प्रश्न आला: पतीचे नाव?

आईने पदर तोंडाला लावला आणि मला कोपराने ढोसलं.

हे कोपर माझ्या ओळखीचं होतं. आईने आबांचं नाव आयुष्यात कधी सरळ उच्चारलं नाही. लग्नात आणि हळदीकुंकवाला उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. आबांचं नाव एका देवाचं होतं, म्हणून ती त्या देवालाही 'वरल्या देवळातला' म्हणायची आणि आरतीत त्या ओळीला नुसत्या टाळ्या वाजवायची. आबा फौजेत, वर्षातून एकदा सुट्टीवर येणार. त्यामुळे रेशन ऑफिस, तलाठी, दवाखाना, मतदार यादी, सगळीकडे आईच. नवऱ्याचं नाव विचारलं की ती पदर तोंडाला लावायची, मला कोपर मारायची आणि हळूच म्हणायची, "सांग रं." मी सहा वर्षांचा असल्यापासून हे खातं माझ्याकडे होतं. मी खणखणीत आवाजात नाव सांगायचो, कारकून लिहून घ्यायचा, आई त्या वेळी दुसरीकडे बघायची. आबा गेल्यावर मृत्यूचा दाखला काढायला गेलो तेव्हाही खिडकीपाशी तिने मला कोपर मारलं होतं.

मी सवयीने नाव सांगून टाकलं. मॅडम हसून म्हणाल्या, काका, तुम्ही नाही सांगायचं, आजींना सांगू दे. आईने पुन्हा ढोसलं. मॅडमनी थोडा वेळ वाट पाहिली आणि लिहिलं: आठवत नाही.

मी सांगितलं की तिला आठवतं, ती घेत नाही. मॅडमना ते समजलं. त्या वाईट नव्हत्या, मी तसं म्हणणार नाही. पण त्यांच्या कागदावर 'आठवते' आणि 'आठवत नाही' एवढे दोनच रकाने होते, आणि त्या बेरजेवरून आई कुठल्या मजल्यावर राहणार ते ठरणार होतं. वरच्या मजल्याला बाहेरून कडी होती. ज्या माणसाने निम्मी नोकरी रकान्यांवर काढली त्याने काय भांडायचं? मी कळवतो म्हणालो आणि आईला घेऊन निघालो. गाडीत ती म्हणाली, "पोरगी चांगली हाय. पर लय चौकशा करती."

दुसरं केंद्र सांगलीला. माझी मुलगी तिथे दिलेली आहे, तिने पत्ता पाठवला. या वेळी आईला पहिल्याच खेपेला बरोबर नेलं. एका जुन्या बंगल्यात पंधरा-सोळा माणसं. बाथरूममधले दांडे नळाच्या पाइपाचे. अंगणातल्या फरशीचा एक कोपरा उचकटलेला, तो मी पायाने दाबून पाहिला. टीव्ही चालू आणि बघणारं कोणी नाही. एका आजोबांची नखं वाढलेली. फिनेलचा वास मात्र बेताचा. एकसष्ट गुण झाले, तेही हात सैल सोडून.

तक्ता त्यांच्याकडेही होता. सगळीकडे तोच असावा. नर्स रजेवर होती, म्हणून तो भरायला एक मावशी बसली. कवठे महांकाळकडची, पन्नाशीची, कपाळाला मोठं कुंकू. वाचताना ती बोट ओळीवर ठेवत होती. नवव्या रकान्यापाशी बोट थांबलं. तिने आईकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"भाऊ, तुमी जरा भायेर जावा," ती म्हणाली.

मी म्हटलं, का?

"आवं, पोराम्होरं कशी नाव घेतील त्या?"

मी व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. तपासणी अधिकाऱ्याला वर्गाबाहेर काढायची माझ्या उभ्या नोकरीतली ही पहिली वेळ. आतून मावशी आर्जव करत होती, आत्या, घ्या की नाव, कोन न्हाई हितं, आपुन बायका-बायकाच हाय. मग आईचा आवाज आला, मी लहानपणी हळदीकुंकवाच्या खोलीबाहेरून ऐकलेला:

"आल्याच्या वाफ्यात पानी सोडलं पाटाचं,
——रावांचं नाव घेते, जोडपं हाय थाटाचं."

मधलं नाव मी इथे गाळलं आहे. आत दोघी हसल्या. मी व्हरांड्याचा खांब धरून रडलो, आणि मग रुमालाने तोंड पुसून तक्त्यात पाइपांच्या दांड्यांपुढे 'सुमार'चं 'बरे' केलं. ही खाडाखोड मी मान्य करतो.

घरी येऊन बायकोला सांगितलं की एकसष्टवालं नक्की केलं. ती म्हणाली, शाळाही अशाच तपासल्या काय हो एवढी वर्षं? मी तक्ता घडी घालून फाइलीत ठेवला.

आई सांगलीत रमली, असं म्हणवत नाही. पण राहिली. मी दर पंधरा दिवसांनी कोरेगावहून पॅसेंजरने जायचो, नखं बघायचो, फरशीच्या कोपऱ्यावरून तक्रार करायचो. तिसऱ्या तक्रारीनंतर तो बसवला गेला. मावशी आईला आत्या म्हणायची आणि संध्याकाळी पाच-सहा जणींना बसवून नाव घ्यायला लावायची. काही जणींना जेवण झालं की नाही ते आठवत नव्हतं, पण नवऱ्याचं नाव यमकासकट यायचं. आईला हळूहळू माझा विसर पडत गेला. कधी मी तिचा भाऊ असायचो, कधी शाळेतला मास्तर. ते मी सोसलं, कारण आबा विसरले गेले नव्हते. अंगणात बसून ती विचारायची, "ह्येंची सुट्टी कवा हाय रं?" मी सांगायचो, दिवाळीला. आबा कोणाच्या तरी मनात अजून सुट्टीची वाट बघण्याइतके जिवंत आहेत, याचा मला आधार होता.

दीड वर्षाने एका सकाळी तिथल्या नव्या नर्सचा फोन आला. मुलगी गुणी आणि उत्साही. म्हणाली, काका, आनंदाची बातमी आहे. आजींचा स्कोअर वाढला. या वेळी पतीचं नाव त्यांनी पटकन, न अडखळता सांगितलं. मी विचारलं, उखाण्यात? ती म्हणाली, नाही, सरळ. आम्ही रोज सराव घेतो.

मी दुपारच्या गाडीने गेलो. मावशी फाटकापाशीच होती. तिने अभिनंदन केलं नाही. नुसतं म्हणाली, "बसा भाऊ, च्या टाकते," आणि आत निघून गेली. माझ्या तक्त्यात तिच्यासाठी मुद्दा नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

आई अंगणात खुर्चीवर होती. मी शेजारची खुर्ची ओढून बसलो, कोपर लागेल इतक्या जवळ. म्हटलं, "आई, मालकांचं नाव काय?"

तिने सांगितलं. लगेच, नुसतं, एकेरी. राव नाही, यमक नाही. पदर खांद्यावर होता तिथेच राहिला. तपासणीच्या दिवशी तेराचा पाढा म्हणणाऱ्या पोराचा आवाज असतो, तसा आवाज होता. कोपराची मी वाट पाहिली.

मग तिने माझ्याकडे पाहिलं. पाहुण्याकडे बघतात तसं, आदराने.

"तुमच्या वळकीचं हाईत व्हय?"

"व्हय," मी म्हणालो. "लय जुन्या वळकीचं."

"मग घिऊन या की येकदा," ती म्हणाली. "च्या पिऊन जातील."

मी आणतो म्हणालो.