सव्वा तास आणि सहा भरत्या

हिरामावशी गेल्याचं मला मासळीच्या टोपलीबरोबर कळलं. महिना होत आला. तिची सून रखमा घिवलीहून पालघरच्या बाजाराला आली की आमच्या दारात टोपली उतरवते. त्या दिवशी बोंबील निवडता निवडता म्हणाली, "आमची सासू गेली, बाय." मग कनवटीचं एक जुनं सुताचं गुंडाळं काढून माझ्यापुढं ठेवलं. "हे तुमाला दाखवायचं होतं..."

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम निघालं तेव्हा हे तिथं फिटर म्हणून लागले आणि आम्ही घिवलीत मावशीच्या पडवीशेजारी बिऱ्हाड केलं. मी साताऱ्याकडची. समुद्र पाहिला तोच लग्नानंतर, आणि पहिले सहा महिने त्याच्याकडे पाठ करूनच भांडी घासली. मावशी हसायची. "तो काय खातो तुला?"

मग यंत्राचा एक भाग भावनगर बंदरात अडकला आणि साहेबांनी ह्यांना तडक विमानानं धाडलं. "सांताक्रूझहून उडालं की सव्वा तास," हे म्हणाले. "इथून एसटीनं पालघर गाठायला लागतो तेवढाच. उतरलो की तार करतो." मी गजराचं घड्याळ मांडीवर घेऊन बसले. सव्वा तास झाला, तार नाही. संध्याकाळ झाली, तार नाही. शेजारी रेडिओवर बातम्या लागल्या की मी कानांवर हात ठेवायची. खरं सांगते, बाळंतपणातही मी इतकी भ्याले नव्हते. विमान समुद्रावरूनच जातं, हे एकच डोक्यात फिरत होतं.

मावशीला तो सव्वा तास पटतच नव्हता. "दर्या काय नाला हाय, उडी मारली नि पलीकडं? माजा घरवाला शिडाच्या होडीनं जायचा भावनगरला. सा भरत्या लागायच्या. सा भरत्या होऊ दे. तवर भ्यायचं नाय." तिनं जाळ्याचं सूत घेतलं आणि दर भरतीला एक गाठ मारू लागली. होडी गेली की तिच्या घरात बाया असंच करीत, आणि माणूस पोचल्याचं कळलं की गाठी सोडीत. विमान भरतीच्या पाण्यावर चालत नाही, एवढं मला कळत होतं. तरी मी तिचंच ऐकलं. सव्वा तासानं माझा जीव घेतला होता, तिनं मला तीन दिवस दिले. पाचव्या गाठीला तार आली. हे उतरले त्याच दिवशी केलेली, साइटवर कुणाच्या तरी टेबलावर पडून राहिलेली! मावशीनं दातांनी गाठी सोडल्या आणि म्हणाली, "आता जेव, मेले."

रखमानं आणलेलं सूत खाऱ्या हवेनं ताठरलेलं होतं. मी गाठी मोजू लागले. सहा झाल्या... गाठी संपेचनात.

"सासरा भावनगरलाच निघालेला," रखमा म्हणाली. "पोचलाच नाय. तिनं गाठी मारायचं सोडलं नाय."

मावशी विधवा होती, हे मला ठाऊक होतं. नवरा कुठं गेला, हे तिनं कधी सांगितलं नाही. त्याच पाण्याकडं तोंड करून ती तीन दिवस माझ्याशेजारी बसली होती आणि मला म्हणत होती, भ्यायचं नाय.

आज हे पुन्हा भावनगरला गेलेत. विमान दहाला उडणार होतं. दोन वाजून गेले, तार नाही. पालघरला समुद्र दिसत नाही, म्हणून रखमाला भरतीची वेळ विचारून ठेवली होती. खुंटीवरच्या नव्या सुताला पहिली गाठ मारून हे लिहायला बसले आहे. सहा गाठींपर्यंत कसं बसायचं, ते मावशीनं मला शिकवलं. सातवी कशी मारायची, ते तिला विचारायचं राहून गेलं.