पीण्याचा रकाना

अहवालाचे रकाने आखण्यात माझ्या साडूंचा हात धरणारा माणूस बंगळुरात नाही, आणि बंगळुराबाहेर असल्यास तो मला भेटलेला नाही. हे मी आपुलकीपोटी म्हणत नाही. माझे आयुष्य इतरांचे हिशेब तपासण्यात गेले. मी कोणाबद्दल आपुलकीने काही म्हटल्याचे कोणालाही आठवणार नाही. माझ्या पत्नीच्या धाकट्या बहिणीचे हे यजमान मूळचे निपाणीकडचे. पीण्या या बंगळुरातल्या औद्योगिक वसाहतीत, एका पंप बनवणाऱ्या कारखान्यात ते हिशेबनीस म्हणून लागले, तेव्हा कागदावर पट्टीने रेघा मारीत असत. पुढे संगणक आला. पट्टी गेली, रेघा राहिल्या. मालकांपुढे दर महिन्याला जो अहवाल जातो, त्यात डावीकडून कोणता आकडा पहिला यावा, त्याच्या शेजारी कोणता बसावा, प्रत्येकाला किती जागा द्यावी, हे हिशेबाच्या सॉफ्टवेअरला आधी शिकवून ठेवावे लागते. इतर लोक हे काम दुपारच्या चहाआधी उरकतात. माझ्या साडूंनी त्यात हयात घालवली. ते उद्या परमेश्वरापुढे उभे राहिले, तर हात जोडण्याआधी त्याच्याकडे मागील वर्षाचा रकाना मागतील, याविषयी मला शंका नाही.

चालू वर्ष, मागील वर्ष आणि फरक, या तीन रकान्यांवाचून जगाकडे पाहता येते, हे त्यांना मान्य नाही. उगादीला आमच्याकडे जेवायला बसले, की पुरणपोळीचा पहिला घास घेऊन ते क्षणभर डोळे मिटतात आणि म्हणतात, "मागच्या वर्षीपेक्षा गूळ स्वल्प कमी." एका वर्षी माझी मेहुणी वाढता वाढता थांबली. "मागच्या वर्षीची एक आणून दाखवा," ती म्हणाली, "मग बसू दोघं फरक काढत." साडूंनी गंभीरपणे मान हलवली, पुरावा मागण्याचा तिचा अधिकार त्यांना मान्य होता. गच्चीवर कपडे वाळत घालण्याचे काम त्यांच्याकडे आहे. दोरीचा डावा भाग त्यांच्या कपड्यांचा, मधला पत्नीच्या, आणि उजवा भाग रिकामा. तो रिकामा का, असे शेजारच्या घरमालकांनी एकदा विचारले. तो 'एकूण'साठी आहे, असे उत्तर मिळाल्यावर त्यांनी पुन्हा विचारले नाही. एका लग्नात कोणा दूरच्या पाहुण्याने, आपण काय करता, अशी चौकशी केली. साडू म्हणाले, "मी लेआउट करतो." बंगळुरात लेआउट म्हणजे घरांच्या प्लॉटची वसाहत; पाहुण्याने खुर्ची जवळ ओढली आणि चौरस फुटाचा भाव विचारला. पुढचा पाऊण तास साडू त्याला स्तंभांची रुंदी समजावीत होते, आणि तो गृहस्थ प्लॉटची रुंदी समजून ऐकत होता. दोघेही समाधानाने जेवायला उठले.

रुंदीविषयी त्यांचे मत ठाम आहे. रकाना आज असलेल्या आकड्यासाठी आखायचा नसतो. जो आकडा अद्याप आलेला नाही, त्याला बसता आले पाहिजे. परिणामी त्यांचे अहवाल आडव्या कागदावरही मावत नसत आणि दोन कागद डिंकाने जोडावे लागत. कारखान्याची दुसरी शेड शहराच्या दुसऱ्या टोकाला, बोम्मसंद्र्याला झाली. ती नवी, मोठी, भरभराटीची. तिचे आकडे लांब. तरीही अहवालात पहिला आणि रुंद रकाना पीण्याचा, दुसरा आणि अरुंद बोम्मसंद्र्याचा. मी कारण विचारले. "मोठा भाऊ आहे हो अण्णा," ते म्हणाले. "धाकटा शिकून मोठ्या पगाराला लागला, म्हणून मोठ्याला मागच्या पाटावर बसवायचं काय?" तोट्याचा आकडा कंसात लिहिण्याची पद्धत आहे. कंसाला ते कुंपण म्हणतात, आणि कुंपणातला आकडा दिसला की आवाज खाली आणतात, जणू त्या घरी कोणी आजारी आहे.

पीण्याच्या शेडवर त्यांचा जीव होता. ते तेथेच लागले, तेथेच कन्नड नीट बोलायला शिकले. बावीस माणसे होती आणि त्यांच्यावर एक फोरमन. हे फोरमन साडूंपेक्षा वयाने मोठे. पंपाला कान लावून तो किती दिवस चालेल हे सांगत, असा त्यांचा लौकिक होता. दीड वर्षापूर्वी कारखान्यात नवे भागीदार येणार असे ठरले. शेड दोन ठेवायच्या की एक, हे तेच ठरवणार, अशी कुजबूज सुरू झाली. दोन शेडपैकी कोणती जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको होता. बावीस माणसांच्या घरची चूल त्या एका निर्णयावर होती, आणि माझ्या साडूंनी ती वाचवण्याचे मनावर घेतले. त्यांच्यापाशी साधन एकच होते.

थोरल्या मालकांच्या मागे कारखाना पाहणारे धाकटे मालक एचएसआर लेआउटात राहतात. भागीदारांपुढे ठेवायच्या अहवालासाठी नवे सॉफ्टवेअर आणले होते, आणि त्यात दोन्ही शेडचा मिळून एकच रकाना असावा, असे त्यांनी सांगितले. एक आकडा, एक ओळ, विषय संपला. साडू त्या रविवारी लॅपटॉप काखेत घेऊन पत्नीसह माझ्याकडे आले. चहा पुढे ठेवला तरी कपाला हात लावला नाही.

"एकच कॉलम म्हणायलेत," ते म्हणाले. "पीण्या त्यात विरघळणार. कागदावरनं नाव गेलं, की शेड जायला किती वेळ लागतो?"

"नाव असले म्हणून राहते, असे कोठे आहे?" मी म्हणालो.

"राहतंय. डोळ्यांसमोर असलेल्या माणसाची लोक काळजी घेतात. कोपऱ्यात गेला की संपला."

मी वाद घातला नाही. त्यांनी लॅपटॉप उघडला आणि लेआउट दाखवला. पीण्या: हा महिना, मागील वर्षी हाच महिना, फरक. मग बोम्मसंद्रा, त्याच क्रमाने. शेवटी एकूण. काम निर्दोष होते; एक गोष्ट राहिली होती. मुख्य कचेरीचा खर्च त्यांनी दोन्ही शेडमध्ये वाटलेला नव्हता. तो वाटल्याविना शेडचा रकाना अपुरा ठरतो, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी तसे केले. पीण्याच्या आकड्यांना तेथल्या तेथे कंस पडले. मार्चला, एप्रिलला, मेला. 'एकूण'मध्ये मात्र काहीच दिसत नव्हते. बोम्मसंद्र्याच्या नफ्यात तो तोटा समुद्रात मीठ पडावे तसा नाहीसा होत होता.

साडूंनी पडद्यावरच्या कंसावर बोट ठेवले. "कुंपण आलं," ते हळू म्हणाले. मग मला विचारले, "पण अण्णा, लेआउट बरोबर आहे न्हवं?"

"बरोबर आहे," मी म्हणालो.

माझी मेहुणी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "भाऊजी, चहा निवला म्हणून सांगा त्यांना," ती म्हणाली. "माझं ऐकत नाहीत. माझा कॉलम नाही त्यात."

त्यानंतर सहा आठवडे माझे साडू त्या रकान्यासाठी भांडले. ज्या माणसाने रिक्षावाल्याशी कधी मीटरवरून हुज्जत घातली नाही, तो धाकट्या मालकांच्या खोलीत रोज सकाळी जाऊन उभा राहू लागला. ते म्हणत, "अंकल, एकच ठेवा, सुटसुटीत दिसतं." हे म्हणत, "सुटसुटीत दिसतं सर, पीण्या दिसत नाही." एकदा ते जुन्या अहवालांचा गठ्ठा डोक्यावर घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेले, लिफ्ट चालू होती, पण गठ्ठा आडवा तिच्यात मावत नव्हता, आणि उभा धरला असता तर रकाने आडवे झाले असते. फोरमननी ही हकिगत शेडमध्ये सांगितली. बावीस माणसांना स्तंभ म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. कोणीतरी आपल्यासाठी जिना चढतो आहे, एवढे कळले. शेवटी धाकटे मालक कंटाळले. "सरी अंकल, ठीक आहे, ठेवा तुमचा कॉलम," ते म्हणाले.

बैठकीच्या संध्याकाळी साडूंचा फोन आला. इतका मोकळा आवाज मी त्यांच्या लग्नातही ऐकला नव्हता. भागीदारांनी अहवाल हातात घेतला आणि पहिल्याच रकान्यावर बोट ठेवून, हे काय आहे, असे विचारले. साडूंना उभे राहून समजावून सांगायला मिळाले. आयुष्यात प्रथमच कोणी त्यांचा रकाना वरपासून खालपर्यंत, बोट न उचलता वाचला होता. "बोम्मसंद्र्याचं एक अक्षर विचारलं नाही बगा," ते म्हणाले. "सगळं पीण्याचंच. किती माणसं, किती जागा, भाडं किती. मी सगळं सांगितलं."

मी म्हणालो, "बरं."

तीन आठवड्यांनी शेड बंद करण्याची नोटीस लागली. साडू ती घेऊन धाकट्या मालकांकडे गेले, तेव्हा ते खिडकीशी उभे होते. ते रागावले नव्हते. "मी सांगत होतो ना अंकल, एकच ठेवा," एवढेच ते म्हणाले. ज्याच्याविरुद्ध आपण सहा आठवडे भांडलो, तोच त्या शेडवर पांघरूण घालीत होता, हे माझ्या साडूंना त्या वाक्यात कळले.

शेडच्या शेवटच्या दिवशी कामगारांनी निरोपाचा छोटा समारंभ केला. साडूंनी मला सोबत नेले. एकट्याने जाण्याचे धैर्य नव्हते, असे ते म्हणाले नाहीत, मीही विचारले नाही. यंत्रांवर गोणपाट टाकले होते. मला वाटले होते, सत्कार फोरमनचा असेल. फोरमन स्वतः शाल घेऊन पुढे आले आणि त्यांनी ती माझ्या साडूंच्या खांद्यांवर घातली. मग चंदनाच्या भुशाचा हार, मग डोक्यावर जरीकाठी म्हैसुरी पेटा, म्हणजे पगडी. पेटा मोठा होता. तो कानांवर टेकला. फोरमन कन्नडमध्ये बोलले. सगळे गप्प होते, एक हे सर आमच्यासाठी शेवटपर्यंत भांडले, असा त्याचा अर्थ. बावीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. माझे साडू हात जोडून उभे राहिले, पेटा डोळ्यांवर येत होता आणि त्यांनी तो वर सारला नाही. मी पुष्कळ सत्कार पाहिले आहेत. सत्कार हीच सत्कारमूर्तीला शिक्षा, असा तो एकच.

परतताना आम्ही मेट्रोच्या फलाटावरच्या बाकावर बसलो. पेटा त्यांच्या मांडीवर होता. दोन गाड्या गेल्या.

"अण्णा," ते म्हणाले, "त्या रविवारी मी लेआउट दाखवला. तेव्हा तुम्हाला कळलं होतं काय, हे असं होणार म्हणून?"

"कळले होते."

"मग बोलला का नाही?"

"लेआउट बरोबर आहे का, एवढेच तुम्ही विचारलेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. तिसरी गाडी येताना दिसू लागली तेव्हा ते म्हणाले, "सरी. मग लेआउट बरोबर होता." आणि उठून पिवळ्या रेघेमागे उभे राहिले. दोष माझा होता असे त्यांनी म्हटले असते, तर मी ते मान्य केले असते. त्यांनी तशी संधी दिली नाही.

आता ते रोज बोम्मसंद्र्याला जातात. जायला दोन तास, यायला दोन तास. फोरमन मुलाकडे हासनला गेले; इतरांपैकी काहींना पीण्यातच दुसरीकडे काम मिळाले, काहींना नाही. अहवालात पीण्याचा चालू महिना कोरा आहे. तो काढून टाका, असे साडूंना कोणी सांगितलेले नाही, कारण मागील वर्षीचा आकडा शेजारी छापावा लागतो, आणि मागील वर्षी शेड होती. दर महिना संपला, की शेडच्या शेवटच्या बारा महिन्यांच्या आकड्यांतला एक मागे पडतो. परवा त्यांनी मला ताजा अहवाल दाखवला. अजून पाच उरले आहेत. पाचही कंसात आहेत, आणि साडू त्यांवरून बोट फिरवताना पूर्वीसारखेच आवाज खाली आणतात. पाच महिन्यांनी त्या रकान्यात छापण्यासारखे काही उरणार नाही, आणि सॉफ्टवेअर, कोणाला न विचारता, त्याची जागा मिटवून टाकील. मी त्यांना तो अहवाल दर महिन्याला माझ्याकडे आणायला सांगितले आहे. तपासण्यासारखे त्यात काही नसते. ते आणतात, मी तपासतो.