हिंगण्याचा 'हाव'

नागपूर म्हटलं की लोक संत्र्यांबद्दल विचारतात. मला मात्र आधी एक शब्द आठवतो आणि अजूनही डोकं तापतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, हिंगण्याच्या एका कारखान्यात लेथवर होते. तिथे जर्मनीहून नवं मशीन आलं आणि ते शिकवायला एक साहेबही. 'माणसं तयार झाली' असं तो म्हणेल तेव्हा मशीन भाऊजींच्या हाती. तोवर हातचं लेथही दुसऱ्याकडे गेलं आणि ते नुसते हेल्पर. दोन महिन्यांसाठी आलेला साहेब वर्ष झालं तरी हलेना. ताईचा जीव टांगणीला लागला, म्हणून दसऱ्याच्या दोन दिवस आधी मीच नाशिकहून निघालो.

दसऱ्याला जाणार असाल तर जागा आधीच राखून ठेवा. आमचा डबा दीक्षाभूमीला जाणाऱ्यांनी भरला होता. त्यांच्यातल्याच एका आजींनी सरकून मला टेकायला जागा दिली, वर भाकरी-चटणीही. उतरल्यावर बर्डीच्या बसथांब्यावरून हिंगण्याची बस मिळते. तर्रीपोहे जपून खा. मी जपलो नाही, बसभर नाक पुसत होतो.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असते, घरच्यांनाही आत सोडतात. झेंडूची माळ घातलेल्या त्या मशीनपाशी साहेबाने इंग्रजीत काहीतरी समजावलं आणि विचारलं, "अंडरस्टूड?"

"हाव!" भाऊजी ठणकावून म्हणाले.

साहेबाने उसासा टाकला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मला हसू आवरेना. भाऊजी आपले नागपुरी 'हो' म्हणतायत आणि साहेबाला ऐकू येतंय इंग्रजी 'हाऊ', म्हणजे 'कसं?'

बाहेर येऊन सांगितलं तर भाऊजी लालबुंद. "म्हंजे सालभर हा मले ढ समजून राहिला?"

"यापुढे 'यस' म्हणा," मी म्हणालो.

चहाच्या टपरीवर गेलो, तर साहेबही तिथेच उभा. टपरीवाल्याने विचारलं, "साहेब, शक्कर जास्त टाकू?"

"हाव, हाव," साहेब म्हणाला.

भाऊजींचा पेला हातातच राहिला. "आता काय म्हनतं गा?"

मी मनातच हिशेब केला. बंगला, गाडी, परदेशी पगार. आपली माणसं तयार झाली की ते सगळं सोडून त्याला परत जावं लागणार. परतीच्या गाडीत हाच विचार पिच्छा सोडेना. संत्र्याची बर्फीसुद्धा गोड लागली नाही.

दिवाळीला ताई माहेरी आली. तिने पिशवी खाली ठेवायच्या आत मी विचारलं, "भाऊजी 'यस' म्हणाले का?"

"म्हणाले ना," ताई म्हणाली. "साहेब हसला आणि म्हणाला, 'हाऊ?'"