उतारावर बंद केलेलं इंजिन

माझ्या ताईचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, उतार दिसला की गाडीचं इंजिन बंद करतात. ही सवय स्कूटरच्या काळातली. तेव्हा ते नुकतेच केंद्र सरकारच्या नोकरीत लागले होते आणि दिल्लीत मुनिरक्याला भाड्याच्या खोलीत राहत होते. उड्डाणपुलाच्या माथ्यावर किल्ली फिरवायची आणि फुकटात खाली यायचं, यात त्यांना बढती मिळाल्याइतका आनंद व्हायचा. पुढे स्कूटर गेली, आर. के. पुरमचं क्वार्टर मिळालं, छोटी पेट्रोल गाडी आली. तिच्या काचेला आतून ‘भारत सरकार’ अशी लाल अक्षरांची पट्टीही आली. खासगी गाडीला ती लावायची नसते, हे लावणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं. सवय मात्र स्कूटरचीच राहिली.

मी एकदा त्यांना सांगून पाहिलं. हल्लीच्या गाड्यांत गिअर टाकलेला असताना नुसता अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला तरी उतारावर पेट्रोल आपोआप बंद होतं, असं वाचलं होतं. शिवाय इंजिन बंद असलं की ब्रेक दोन-तीनदाच नीट लागतो, मग पेडल दगडासारखं होतं.

“हे कंपनीवाले सांगतात,” भावोजी म्हणाले. “त्यांना पेट्रोल खपवायचंय.”

“कंपनीला गाड्या खपवायच्यात, पेट्रोल नाही.”

“तेच ते. मेव्हणे, तुम्ही वाचता फार. अ‍ॅव्हरेज वाचून मिळत नाही.”

ताई भाजी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, “मला भीती वाटते हो. एकदम आवाजच जातो.”

“अगं, आवाज जातो म्हणजे पेट्रोल वाचतं.”

विषय तिथे संपला. ताईचा विषय त्या घरात नेहमी असाच संपायचा, कारण उरलेली सगळी जागा बाप-लेकांच्या वादाला लागायची. मुलगा दिल्लीतच वाढलेला, नोकरी गुरुग्रामला. बापाने जन्मभर थेंब वाचवले, तर त्याने गेल्या वर्षी एक अवाढव्य डिझेल पिकअप घेतला. पुढे पाच माणसं, मागे ट्रकसारखा उघडा हौदा. त्या हौद्यात मी वर्षभरात फक्त एकदाच काहीतरी पाहिलं, ते साचलेलं पावसाचं पाणी होतं. दिल्लीतच द्वारका भागात आमच्या सोसायटीत तो मला भेटायला आला की गाडी दोन जागा अडवायची आणि वॉचमन सलाम ठोकायचा. भाच्याला वाटायचं, सलाम त्याला आहे.

“बाबा, यार, तुमची गाडी फ्लायओव्हर चढताना रडते,” तो म्हणायचा.

“आणि तुझी पंप दिसला की रडते.”

“पॉवर लागते ना कधीतरी. इमर्जन्सीमध्ये.”

“कुठली इमर्जन्सी? ऑफिसला उशीर?”

अशी ही करमणूक चालायची. मीही हसायचो.

गेल्या हिवाळ्यात आमच्या मराठी मंडळाने हुरडा पार्टी ठरवली, गुरुग्रामपुढे सोहन्यापलीकडच्या कुणाच्या तरी शेतावर. हरयाणात हुरडा मिळणार नव्हताच, मक्याची कणसं भाजून त्यालाच हुरडा म्हणायचं ठरलं होतं. मंडळाच्या सतरंज्या, पातेली आणि अध्यक्षांची खास खुर्ची न्यायचं काम भाच्याच्या पिकअपकडे आलं. हौद्याला पहिल्यांदाच काम मिळालं. मागे मंडळाचा फलक बांधला, पुढे झेंडूची माळ घातली. सामान फार झाल्यामुळे ताई आणि मी भावोजींच्या गाडीत बसलो. ताई पुढे, मी मागे.

सकाळ चांगलीच वर आली होती, पण धुकं हललं नव्हतं. दिल्लीचं धुकं पांढरं नसतं, घशात उतरतं तेव्हा ते कशाचं आहे ते कळतं. गुरुग्राम सुटलं तशा इमारती गेल्या आणि दोन्ही बाजूंना काळसर कीकर, म्हणजे इकडच्या बाभळी, लागल्या. भावोजी सावकाश चालले होते. पिकअप आमच्या मागे. त्याचे दिवे आमच्या मागच्या काचेत इतके जवळ होते की माझ्या हातावर माझ्याच डोक्याची सावली पडत होती.

ताईच्या फोनवर भाच्याचा आवाज आला. स्पीकर चालू होता. “आई, बाबांना सांग ना, थोडं दाबा. इथे मला सेकंड गिअरवर बोअर होतंय.”

“त्याला सांग, अंतर ठेव.”

“अरे, अंतर ठेव,” ताई म्हणाली.

“माझे ब्रेक बिल्कुल मस्त आहेत, आई. आता पुढे ती ढलान येईल, बघ, बाबा बंद करतात की नाही.”

तो हसला. भावोजीही हसले. सोहन्याच्या अलीकडे रस्ता टेकडीवरून खाली उतरतो. माथ्यावर येताच त्यांनी गिअर काढला आणि किल्ली मागे फिरवली, मुलगा बघत होता म्हणून जरा ऐटीतच.

आवाज गेला. टायरांची सरसर ऐकू येऊ लागली, आणि मागून पिकअपची गुरगुर. आमच्या गाडीला आता वेग यायला लागला होता. पहिल्या वळणावर भावोजींनी ब्रेक लावला, दुसऱ्यावर लावला. तिसऱ्या वळणावर त्यांचा खांदा पुढे झुकलेला मला मागून दिसला. ते पेडलवर जवळजवळ उभे राहिले होते.

“अहो,” ताई म्हणाली.

समोर धुक्यात काहीतरी चौकोनी, जास्तच दाट दिसलं. ती उसाने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली होती. मागे दिवा नव्हता. ऊस दोन्ही बाजूंनी इतका बाहेर आला होता की रस्ताच त्याचा झाला होता.

ताईने हँडब्रेक ओढला. तिला गाडी चालवता येत नाही. दोन्ही हातांनी धरून, पाय समोर टेकवून, विहिरीतून घागर काढावी तसा तिने तो ओढला. गाडी तिरकी झाली, घासत गेली आणि उसाचे शेंडे काचेवर आपटले तशी थांबली. मग मागचे दिवे आमच्यावर आले. मी डोळे मिटले. पिकअप आमच्या बाजूने रस्ता सोडून कडेच्या खड्ड्यात गेला, आणि कीकरच्या फांद्या मोडल्याचा लांबलचक आवाज झाला.

कुणाला काही लागलं नाही. ट्रॉलीवाल्याला काही झाल्याचं कळलंही नाही, तो तसाच पुढे गेला. पिकअपमधून उडालेलं मोठं पातेलं उतारावरून घरंगळत गेलं. ते दिसेनासं झालं तरी त्याचा आवाज बराच वेळ खालून येत होता. आम्ही चौघं तो थांबायची वाट बघत उभे होतो.

भाचा ताईजवळ आला. “आई, मी ब्रेक दाबला होता पूर्ण. थांबलीच नाही. सामान होतं ना मागे.”

भावोजींनी रुमालाने चष्मा पुसला. “ट्रॉलीला दिवा नको?” ते म्हणाले. “काय लोक आहेत.”

शेतावर पोचल्यावर दोन टोळकी झाली. एकात भावोजी सांगत होते की गाडी हलकी म्हणून जागच्या जागी थांबली, जड धूड असतं तर संपलं होतं. दुसऱ्यात भाच्याला आता कंठ फुटला होता. चारही चाकांना ताकद असल्यामुळे पिकअप खड्ड्यातून एका झटक्यात बाहेर आला, छोटी गाडी तिथेच राहिली असती, असं तो सांगत होता. दोघांच्याही श्रोत्यांना पटत होतं. अध्यक्ष खुर्चीत बसून दोघांकडे पाहून मान डोलावत होते. हँडब्रेकचा उल्लेख मला कुठे ऐकू आला नाही. ताई चुलीजवळ उभी राहून कणसं उलटत होती. तिच्या तळव्यावर लाल वळ उठला होता.

“ताई, परत जाताना माझ्याबरोबर दुसऱ्या कुणाच्या गाडीत बस,” मी म्हणालो.

“आणि ते एकटे येतील?” ती म्हणाली.

परतताना ती भावोजींच्या शेजारीच बसली, मी मागे. दिल्लीत शिरताना धौला कुआँच्या उड्डाणपुलावर इंजिन पुन्हा बंद झालं. तेव्हापासून ते दोघे कुठे निघाले की ताई उजवा हात दोन सीटच्या मध्ये, हँडब्रेकवर ठेवून बसते. गप्पा मारताना, पेंगतानाही तो हलत नाही. भावोजींना वाटतं, उतारवयात बायको जवळ सरकून बसायला लागली आहे. परवा तसं त्यांनी मला कौतुकाने सांगितलंही.