डीप फ्रीजमधला मुद्देमाल

चूक माझी होती, हे आधीच लिहितो, कारण केस डायरीत ते कुठेही नाही.

मी तेव्हा आंबेगाव तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना एका बाईचा फोन आला. नाव सांगेना. "साहेब, आमच्यातला एक जण कळंबकडनं मोटारसायकलवर निघालाय. डब्यात आजच जन्मलेल्या पोराचं रक्त हाय. भगताकडं नेतोय वाटतं."

मी लगेच रस्त्यावर नाकाबंदी लावली. नाकाबंदीत माणूस सापडला. पस्तिशीचा शेतकरी, पोटाशी बांधलेला पांढरा डबा. आत गडद रक्ताची पिशवी आणि इंग्रजी कागद.

"काय आहे हे?"

"औषध हाय, साहेब."

"कुणाचं?"

"पाव्हण्यांचं." दरडावल्यावर म्हणाला, "माझ्याच पोराचं."

खोटं बोलणारा काहीतरी लपवतो, हे नोकरीने मला शिकवलं होतं. तो कुणासाठी लपवतो, हे विचारायला मी शिकलो नव्हतो.

कागद नीट न वाचताच पंचनामा केला. पिशवीवर मुद्देमालाचं लेबल मी स्वतः डकवलं, पंचांच्या सह्या घेतल्या. रक्त नासू नये म्हणून हवालदाराला म्हटलं, समोरच्या आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीजमध्ये ठेवा.

तो माणूस ताडकन उठला. "गोठवू नका, साहेब. पाया पडतो. नर्सबाईंनी बजावलंय."

"रक्त कसं ठेवायचं ते तू शिकवणार? बस खाली."

हवालदार हसला. "भगताला गरमच लागतं व्हय रं?"

चौकशी दोन तास चालली. फाटकाबाहेर गर्दी जमली, नरबळीची भाषा आत ऐकू येऊ लागली. तो सारखा खिडकीकडे बघत होता. अखेर म्हणाला, "दार लावा, मग सांगतो."

मी दार लावलं.

"थोरली पोरगी सात वर्साची. थॅलेसेमिया हाय तिला. दर तीन आठवड्याला रक्त चढवतो. भावकीत कुणाला म्हाईत न्हाई. कळलं तर उद्या तिला कोण करून घेईल? आज झालेल्या पोराच्या नाळेतलं रक्त तिला जुळतंय, पोटात असतानाच तपासलंय. त्यातनं तिचं रक्त नव्यानं तयार व्हईल म्हणत्यात. पुण्यावरनं रक्त न्यायला गाडी यायची व्हती, ती आली न्हाई. म्हणून मीच निघालो."

कागदावरच्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्या डॉक्टरबाईंनी एवढंच विचारलं, "पिशवी कुठे ठेवलीय?"

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, असं रक्त खास द्रव मिसळून, हळूहळू गोठवावं लागतं. साध्या फ्रीजरमध्ये त्यातल्या, नवं रक्त तयार करणाऱ्या मूलपेशी फुटून मरतात.

मी रस्ता ओलांडून धावलो. कुल्फीच्या साच्यांशेजारी पिशवी दगडासारखी झाली होती. लेबलाचा कोपरा सुटला होता. तो उचलला. खाली लाल इंग्रजी अक्षरांत छापलं होतं, गोठवू नये. माझं लेबल नेमकं त्या ओळीवर होतं.

फोन करणारी त्या माणसाचीच बहीण निघाली. तिलाही भाचीचा आजार ठाऊक नव्हता. बाळंतिणीच्या खोलीतून निघालेली रक्ताची पिशवी पाहून ती बाळाच्या काळजीने भ्यायली होती. गुन्हा दाखल झाला नाही. वरिष्ठांनी शेरा मारला, 'कारवाई सद्भावनेने केली.'

आता एकच वाट उरली होती. बाळ मोठं होईपर्यंत थांबायचं, मग त्याच्या हाडातला मगज काढून बहिणीला द्यायचा. तोवर ती टिकली पाहिजे. त्या दोन वर्षांत ठाण्याचा फोन वाजला की मला वाटायचं, तिचीच बातमी असेल. पुढे ते झालं आणि मुलगी वाचली, हे मला दुसऱ्यांकडून कळलं. त्यांच्या घरी जायची हिंमत झाली नाही.

निवृत्तीनंतर गेलो. बापाने ओळखलं, चहा ठेवायला सांगितला. "पोरगी शाळंत गेलीय. झालं गेलं, साहेब," तो म्हणाला. अंगणात पाच वर्षांचा मुलगा टायर पळवत होता. मी त्याच्यासमोर खाली बसलो.

"बाळा, तुझ्या कमरेत सुया टोचल्या ना, त्या माझ्यामुळे. जन्मल्या दिवशीच तू ताईला जे दिलं होतंस, ते मी वाया घालवलं. तुझा बाप सांगत होता, मी ऐकलं नाही. माझं चुकलं."