भावाच्या साईटची मुदत

माझा धाकटा भाऊ घाटंजीला आमची कपाशी पाहायचा आणि उरलेल्या वेळात एक वेबसाईट चालवायचा. गुलाबी बोंडअळीनं शेतं पोखरली ती वर्षं. लोक किडक्या बोंडांचे फोटो पाठवायचे, फवारणीचं विचारायचे. त्याच्याच खाली कोणी लिहायचं, झोप येत नाही, घरी सांगता येत नाही. भाऊ प्रत्येकाला उत्तर द्यायचा.

मी यवतमाळला नोकरीत. एकदा सुटीत गेले, तर हा ताट बाजूला सारून लॅपटॉपसमोर बसलेला. साईटचं प्रमाणपत्र नवं करायचं होतं. दर तीन महिन्यांनी करावं लागे.

“कायले एवढा खटाटोप?” मी विचारलं.

“ताई, लोक मनातलं लिहून राह्यले. पोस्टकार्डासारखं उघडं गेलं तर रस्त्यात वाट्टेल तो वाचते. म्हणून ते बंद पाकिटात जाते. अन् पाकीट आपल्याच साईटवर पोचलं, दुसऱ्या कोणाच्या हाती नाही पडलं, हे प्रमाणपत्र सांगते.”

“साईटवाला माणूस चांगला आहे, हेही सांगते?”

“नाही,” तो हसला. “ते ज्याचं त्यालेच पाहा लागते.”

दिवाळीच्या आधी, पांढरकवड्याहून परत येताना, हायवेवर ट्रकनं त्याची मोटरसायकल उडवली. दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला होता.

साईटवर अडीअडचणीसाठी माझा नंबर होता. थंडी सरत असताना कळंबकडच्या एका बाईंचा फोन आला. तो गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं.

“ताई, दादाची साईट उघडली की लाल खूण येते. माहिती चोरीले जाऊ शकते म्हणते. मी घरचं लिहिलं होतं त्यात. कोणी वाचलं काय? दादानं फसवलं तर नाही ना आमाले?”

मी सांगितलं, की तो आता नाही, म्हणून प्रमाणपत्राची मुदत संपली. तुमचं लिहिलेलं कोणी वाचलं नाही. पलीकडे त्या रडू लागल्या. मीही.

त्याला कोणी फसवणारा म्हणावं, हे मला सोसेना. पण पासवर्ड त्याच्यासोबतच गेला होता. साईट जिच्याकडे ठेवली होती त्या कंपनीनं मृत्यूचा दाखला मागितला. तो स्कॅन करताना त्याचं नाव काचेवर पालथं ठेवलं आणि झाकण लावायला हात उचलेना. खातं हाती आल्यावर त्याच्या एका मित्रानं फोनवरून एकेक पायरी सांगितली. ती बंद पाकिटं उघडणारी साईटची जुनी गुप्त किल्ली सापडलीच नाही. नवी करून तिच्यावर नवं प्रमाणपत्र घ्यावं लागलं. लाल खूण गेली.

मग मी आलेले निरोप उघडले. इशारा दिसत असूनही काही लोक पुढं जाऊन लिहीतच राहिले होते. एकानं लिहिलं होतं, “दादा, मोबाईल म्हणते इथं धोका आहे. पण मले तुमच्यावर भरवसा आहे. फवारल्यापासून डोळ्याले अंधारी येऊन राह्यली. काय करू?”

निरोपाला कितीतरी आठवडे उलटले होते. मी निरोपाखालचा नंबर लावला. त्यानंच उचलला. सरकारी दवाखान्यात राहून आला होता. उजव्या डोळ्यानं आता फक्त उजेड कळतो म्हणाला. तक्रार नव्हती आवाजात.

“दादाच्या उत्तराची लई वाट पाह्यली,” तो म्हणाला. “कामात असतील. फोन द्या ना त्याहीले.”

मी सांगितलं. त्यानं हळूच विचारलं, “मग आता साईट कोण पाह्यते?”

“कोणी नाही,” मी म्हटलं.

त्या आठवड्यात मी ज्यांचे नंबर होते त्या सगळ्यांना फोन केले. त्यांनी विश्वासानं लिहिलेलं सारं पुसून टाकलं. पहिल्या पानावर तो गेल्याचं लिहिलं. उत्तराची वाट पाहत पुन्हा कोणी बसू नये, म्हणून पुढची मुदत संपली, तेव्हा प्रमाणपत्र नवं केलं नाही.